‘दुसऱ्यांची मुले’ आणि शाळेची भाषा : लिसा डेल्पिट ह्यांच्या विचारांचे परीक्षण

१

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ब्राउन खटल्याचा निकाल देऊन सार्वजनिक शाळांतील वांशिक विभक्तता घटनाबाह्य ठरविली. शाळेचे दार कायद्याने उघडले. परंतु दाराच्या आत गेल्यावर मुलाशी कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या अपेक्षेने बोलावे, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो शिक्षकापुढे होता. दैवदुर्विलास असा की, ज्यांना ह्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने ठाऊक असण्याचा संभव होता, त्या कृष्णवर्णीय शिक्षकांपैकी हजारोंना शाळांच्या एकत्रीकरणाच्या काळातच नोकरीस मुकावे लागले. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या, त्यांतील मुले श्वेतवर्णीयांच्या शाळांत गेली. त्यांचे शिक्षक मात्र पुष्कळदा त्यांच्याबरोबर गेले नाहीत.

पुढे १९७० नंतरच्या दोन दशकांत ‘बहुसांस्कृतिक शिक्षण’ ही कल्पना रूढ झाली. प्रत्येक समाजगटाच्या परंपरेला शाळेत मानाचे स्थान असावे, हा तिचा आशय. ह्या चळवळीचे एक प्रमुख अभ्यासक जेम्स बँक्स ह्यांनी तिच्या चार पायऱ्या कल्पिल्या आहेत. थोर पुरुष आणि सणवार ह्यांचा उल्लेख करून थांबणे ही सर्वांत खालची पायरी. अभ्यासक्रमात नवे घटक नुसते जोडणे ही दुसरी. अभ्यासक्रमाची दृष्टीच पालटणे ही तिसरी. आणि विद्यार्थ्याला सामाजिक कृतीस समर्थ करणे ही चौथी. बहुतेक शाळा पहिल्या पायरीवर रेंगाळतात, ही तक्रार ह्या चळवळीइतकीच जुनी आहे. सणाच्या दिवशी ज्या मुलाच्या संस्कृतीचा गौरव होतो, त्याच मुलाचे वाक्य दुसऱ्या दिवशी ‘चूक’ म्हणून खोडले जाते. ही विसंगती जिने आपल्या लेखनाचा मध्यबिंदू केली, अशा एका शिक्षिकेच्या विचारांचे परीक्षण येथे योजिले आहे.

२

लिसा डेल्पिट ह्यांचा जन्म १९५२ साली लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे झाला. त्या स्वतः कृष्णवर्णीय असून त्यांचे शिक्षणविषयक चिंतन अध्यापनाच्या अनुभवातून वाढलेले आहे. ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात १९८६ आणि १९८८ साली त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. हे निबंध व त्यांच्या अनुषंगाने लिहिलेले इतर लेख १९९५ साली ‘अदर पीपल्स चिल्ड्रन’, म्हणजे ‘दुसऱ्यांची मुले’, ह्या नावाने ग्रंथरूपाने आले. हे शीर्षकच त्यांच्या विचाराचे बीज होय. आपल्या मुलांना जे शिकविण्याची गरज भासत नाही, कारण ते घरातच मिळालेले असते, ते दुसऱ्यांच्या मुलांनाही शिकविण्याची गरज नाही, असे मानणारा शिक्षक सद्हेतूने अन्याय करतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

ह्या निष्कर्षाला त्या कशा आल्या हे पाहणे उद्बोधक आहे. शिक्षक-प्रशिक्षणात त्या पुरोगामी पद्धती शिकल्या : मुलांनी आपल्या गतीने शिकावे, शिक्षकाने केवळ साहाय्यक असावे, लेखनात आधी ओघ यावा, शुद्धता मागाहून यावी. फिलाडेल्फिया येथील ज्या शाळेत त्यांनी ही पद्धत अवलंबिली तेथे गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय मुले आणि सुस्थित कुटुंबांतील श्वेतवर्णीय मुले एकत्र शिकत. श्वेतवर्णीय मुले झपाट्याने पुढे गेली; कृष्णवर्णीय मुलांची तशी प्रगती दिसेना. त्याच शाळेतील वयस्क कृष्णवर्णीय शिक्षिका अक्षर, शब्द, वाक्यरचना ह्यांचे नेमके पाठ घेत; तरुण डेल्पिटना तेव्हा ते जुनाट वाटे. कालांतराने त्यांनीही आपल्या वर्गात तशा पाठांना स्थान दिले, तेव्हा मुलांच्या प्रगतीत फरक पडला. पुढे अलास्कात काम करीत असताना त्यांना दुसऱ्या कृष्णवर्णीय शिक्षिकांकडून हीच तक्रार ऐकावयास मिळाली : आमच्या मुलांना ओघ शिकवावा लागत नाही, तो त्यांच्यापाशी आहेच, त्यांना हवी आहेत ती महाविद्यालयाच्या दारातून आत नेणारी कौशल्ये. ह्या शिक्षिका सभांत बोलेनाशा झाल्या होत्या. आणि त्यांचे मौन म्हणजे संमती, असा सोयीस्कर अर्थ त्यांचे सहकारी लावीत होते. १९८८ च्या निबंधाच्या शीर्षकात ज्या ‘मूक झालेल्या संवादा’चा निर्देश आहे, तो हाच.

३

ह्या निबंधाचा गाभा पाच विधानांत सांगितलेला आहे. वर्गात सत्तेचे व्यवहार चालतात. सत्तेत सहभागी होण्याचे काही संकेत, म्हणजे एक ‘सत्तेची संस्कृती’, असते. हे संकेत सत्ताधारी वर्गाच्या संस्कृतीचेच प्रतिबिंब असतात. जो त्या संस्कृतीत वाढलेला नाही, त्याला ते उघडपणे सांगितले तर सत्ता मिळविणे सुलभ जाते. आणि शेवटचे, ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना तिचे भान सर्वांत कमी असते. ज्यांच्या हाती ती नाही, त्यांना ते सर्वांत अधिक असते.

पाचवे विधान पहिल्या चारांना धार आणते. उदार शिक्षकाला अधिकार गाजविणे रुचत नाही. म्हणून तो आज्ञेला प्रश्नाचे वस्त्र नेसवितो. ‘कात्री त्या फळीवर ठेव’ असे न म्हणता ‘कात्रीची जागा हीच का?’ असे तो विचारतो. ज्या घरात आज्ञा अशाच आडवळणाने दिल्या जातात, तेथील मुलाला ही आज्ञा आहे हे कळते. ज्या घरात आज्ञा आज्ञेसारखी दिली जाते, तेथील मुलाला हा खरोखरीचा प्रश्न वाटतो; ते त्याचे उत्तर देते किंवा देत नाही, आणि उद्धट ठरते. ह्या निरीक्षणाला शर्ली ब्राइस हीथ ह्यांच्या १९८३ सालच्या, कॅरोलायनातील दोन श्रमिक वस्त्यांच्या भाषाव्यवहारावरील अभ्यासाचा आधार आहे. येथे मुलाची चूक व्याकरणाची नाही, वर्तनाचीही नाही. उक्तीचा हेतू ओळखण्याचे दोन भिन्न संकेत येथे एकमेकांवर आदळतात. शिक्षकाचा सौम्यपणा अधिकार नाहीसा करीत नाही, तो केवळ झाकतो. आणि झाकलेला अधिकार ओळखण्याची किल्ली ज्याच्यापाशी नाही त्यालाच शिक्षा होते.

डेल्पिटना जुन्या घोकंपट्टीच्या पक्षपाती ठरविण्याचा मोह काही वाचकांना झाला. तो निराधार आहे. कौशल्य आणि ओघ ह्यांतील द्वंद्वच कृत्रिम आहे, असे त्या म्हणतात. अलास्कातील एका मूलनिवासी शिक्षिकेचे त्यांनी दिलेले उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. ही शिक्षिका मुलांच्याच लेखनातील वाक्ये भिंतीवर लावते : एका बाजूस ‘आपली वारशाची भाषा’, दुसऱ्या बाजूस ‘औपचारिक इंग्रजी’. पहिलीचा आस्वाद घेण्यास ती मुलांना सांगते आणि दुसरी अशा लोकांसाठी शिकविते की, ज्यांना बोलण्याची एकच रीत ठाऊक आहे. वनभोजनाला जेवणे आणि औपचारिक मेजवानीला जेवणे ह्यांतील भेदही ती वर्गात प्रत्यक्ष घडवून दाखविते. औपचारिक भाषा येथे श्रेष्ठ म्हणून येत नाही, अपरिहार्य म्हणून येते; आणि ज्यांच्यामुळे ती अपरिहार्य झाली त्यांच्या अज्ञानाचाही निर्देश त्यात आहे. पापुआ न्यू गिनीतील उत्तर सॉलोमन प्रांतात मुलांना इंग्रजीपूर्वी मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या खेड्यांतील शाळांविषयी त्यांनी लिहिलेला लेखही हीच दिशा दाखवितो.

४

डेल्पिटांच्या विचाराला भाषाशास्त्राने आधीच भूमी तयार करून ठेवली होती. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी गरीब कृष्णवर्णीय मुलांना ‘भाषावंचित’ ठरविले होते. त्यांच्यापाशी तर्काला पुरेल अशी भाषाच नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. विल्यम लबॉव ह्यांनी १९६९ साली त्याचे खंडन केले. अपरिचित श्वेतवर्णीय प्रश्नकर्त्यापुढे एकाक्षरी उत्तरे देणारी मुले, ओळखीचा कृष्णवर्णीय माणूस जमिनीवर बसून खाऊ वाटून घेत त्यांच्याशी बोलू लागताच आणि जोडीला मित्र येताच, कशी अखंड बोलू लागतात, हे त्यांनी दाखविले. शून्य गुण मुलाच्या भाषेला मिळालेले नव्हते. ते मुलाखतीच्या परिस्थितीला मिळालेले होते.

ह्या बोलीच्या व्याकरणातील एक विशेष मराठी अभ्यासकाला सहज समजेल असा आहे. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत ‘शी सिक’ आणि ‘शी बी सिक’ अशी दोन वाक्ये आढळतात. प्रमाण इंग्रजीच्या कानाला दोन्ही सदोष वाटतात. पहिल्यात क्रियापद गाळले, दुसऱ्यात ते चालविले नाही, असे शिक्षक म्हणतो. वस्तुतः पहिले वाक्य तत्कालीन अवस्था सांगते, दुसरे वारंवार येणारी अवस्था सांगते. मराठीत ‘ती आजारी आहे’ आणि ‘ती आजारी असते’ ह्यांत जो भेद आहे, जवळजवळ तोच हा भेद होय. प्रमाण इंग्रजीला तो दाखविण्यासाठी क्रियाविशेषणाचा आश्रय करावा लागतो. ही बोली तो क्रियापदानेच दाखविते. शिवाय संयोजक क्रियापदाचा लोपही स्वैर नाही. प्रमाण इंग्रजीत जेथे त्या क्रियापदाचा संक्षेप होऊ शकतो, तेथेच ह्या बोलीत त्याचा लोप होऊ शकतो. जेथे संक्षेप अशक्य, तेथे लोपही अशक्य, हा नियम लबॉव ह्यांनी सिद्ध केला. जेथे नियम आहे तेथे ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लागू पडत नाही.

वाचनाच्या वर्गात ह्या ज्ञानाला प्रत्यक्ष मोल येते. शब्दान्ती व्यंजनसंयोग आला की त्यातील शेवटचे व्यंजन ह्या बोलीत बहुधा गळते. म्हणून भूतकाळी ‘वॉश्ट’ हे मूल ‘वॉश’ असे वाचते. त्याला अर्थ कळलेला असतो. छापील प्रमाण इंग्रजीचे त्याने आपल्या बोलीत रूपांतर केले, हीच आकलनाची खूण होय. परंतु शिक्षक त्याला तेथेच थांबवितो, उच्चार सुधारतो, पुन्हा वाचावयास लावतो; आणि वाचन म्हणजे अर्थ नव्हे, उच्चार, असा धडा मूल घेते. डेल्पिटांनी पुढील लेखांत ह्याच हानीकडे लक्ष वेधले आहे.

ही गोष्ट १९७९ साली न्यायालयातही मान्य झाली. मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथील एका प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने दाखल झालेल्या खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉयनर ह्यांनी निर्णय दिला की, मुलांची घरची बोली हा स्वतः अडथळा नाही. तिच्याविषयीचे शिक्षकांचे अज्ञान हा अडथळा आहे, आणि तो दूर करण्यासाठी शिक्षकांना शिक्षण देणे हे शाळामंडळाचे कर्तव्य आहे. जिनीव्हा स्मिदरमन ह्यांच्यासारख्या अभ्यासकांची साक्ष ह्या खटल्यात महत्त्वाची ठरली. ह्याउलट १९९६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड शाळामंडळाने ‘एबॉनिक्स’ला मुलांची प्राथमिक भाषा मानून तिच्या आधारे प्रमाण इंग्रजी शिकविण्याचा ठराव केला, तेव्हा देशभर उपहासाचा गदारोळ उठला. ठरावाची भाषा सदोष होती, हे खरे. भाषाकुलाचा संबंध सांगणारा एक शब्द त्यात असा वापरला गेला की, बोली रक्तातून येते असा त्याचा अर्थ झाला. तो पुढे वगळण्यात आला. तथापि अमेरिकेच्या भाषाशास्त्र-परिषदेने जानेवारी १९९७ मध्ये ह्या बोलीची नियमबद्धता आणि प्रमाणभाषा शिकविताना तिचा आधार घेण्याची योग्यता, दोन्ही मान्य केली. एबॉनिक्सच्या बाजूने की विरुद्ध, असा प्रश्न जेव्हा डेल्पिटांना करण्यात आला, तेव्हा त्यांनी तो प्रश्नच निरर्थक ठरविला : जी भाषा मुलाच्या आईने त्याच्याशी बोलली, ती हवेसारखी आहेच, तिला मान्यता देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार शाळेला कोठून आला?

५

इतके मान्य केल्यावर डेल्पिटांच्या विचारातील दोन उणिवा दाखविणे आवश्यक आहे.

पहिली उणीव संकल्पनेची. ‘सत्तेचे संकेत’ ह्या एका संज्ञेत त्यांनी फार भिन्न गोष्टी एकत्र केल्या आहेत : क्रियापदाची रूपे, शुद्धलेखन, निबंधाची मांडणी, आज्ञा देण्याची रीत, वेशभूषा, शिष्टाचार. ह्या सर्वांना सामाजिक मूल्य आहे, एवढेच त्यांच्यात समान आहे. त्या आत्मसात होण्याची प्रक्रिया समान नाही. शुद्धलेखन आणि निबंधरचना ह्या जाणीवपूर्वक शिकावयाच्याच गोष्टी होत. तेथे उघड शिकवणुकीने काम होते. उक्तीच्या हेतूचे संकेतही एकदा समजावून सांगितले की मुलाला उमगतात. परंतु बोलण्याचे व्याकरण हे अबोध मनाच्या स्वाधीन असते. त्याचा नियम सांगितल्याने नियम कळतो. जीभ वळतेच असे नाही. उलट प्रत्येक शब्दावर पहारा बसला की बोलणेच आटते. डेल्पिटांनी स्वतःच पुढे हे ओळखले. एबॉनिक्सच्या वादासंबंधीच्या लेखनात सततच्या दुरुस्तीचा त्या विरोध करतात; नाटकातील भूमिका, बाहुल्यांचे खेळ, वृत्तनिवेदकाचे सोंग अशा मार्गांनी, मुलाची अस्मिता पणाला न लावता, प्रमाणभाषा त्याच्या तोंडी यावी असे सुचवितात. ही सूचना अत्यंत मार्मिक आहे. परंतु १९८८ च्या चौथ्या विधानाला तिच्यामुळे मर्यादा पडते, हे त्यांनी कोठेही स्पष्ट म्हटलेले नाही. ‘उघडपणे सांगा’ हे तत्त्व लेखनाला जेवढे लागू आहे, तेवढे बोलण्याला नाही. हा भेद न केल्यामुळेच त्यांच्या निबंधाचा आधार घेऊन काही वर्गांत जुनी लाल शाई पुन्हा अवतरण्यास वाव राहतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. संकेत शिकल्याने सत्ता मिळते, ह्या गृहीतात संपूर्ण भार बोलणाऱ्यावर पडतो. ऐकणारा मोकळा राहतो. जेम्स स्लेड ह्यांनी १९६९ सालीच दोन बोली शिकविण्याच्या धोरणाला श्वेतवर्चस्वाचे भाषाशास्त्र म्हणून झोडपले होते. महाविद्यालयीन लेखनाच्या अध्यापकांच्या परिषदेने १९७४ साली विद्यार्थ्याचा स्वतःच्या भाषेवरील हक्क ठरावाने मान्य केला. नेल्सन फ्लोरेस आणि जोनाथन रोझा ह्यांनी २०१५ साली ह्या आक्षेपाला नवे रूप दिले : वांशिक दृष्ट्या हीन मानलेल्या माणसाने प्रमाण रूपे वापरली तरी ऐकणाऱ्याच्या कानाला त्यांत उणेपणाच ऐकू येतो; म्हणजे दोष उच्चारात नसून श्रवणात आहे.

प्रयोगांचा पुरावा काय सांगतो? तो दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि हेच लक्षात घेण्याजोगे आहे. जॉन बॉ ह्या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने तीन बोलींत दूरध्वनी करून भाड्याच्या घरांची चौकशी केली. १९९९ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ह्या अभ्यासात असे दिसले की, श्वेतवर्णीय वस्त्यांत प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्या आवाजाला घर पाहण्याची वेळ अधिक सहज मिळाली. माणूस एकच, बोली वेगळी. अर्थात संकेताला मोल आहे, हे डेल्पिटांचे म्हणणे येथे खरे ठरते. परंतु १९९२ साली डोनल्ड रुबिन ह्यांनी एकाच मुद्रित व्याख्यानाबरोबर काही विद्यार्थ्यांना श्वेतवर्णीय स्त्रीचे आणि काहींना आशियाई स्त्रीचे छायाचित्र दाखविले. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना उच्चार परका वाटला, आणि त्यांचे आकलनही कमी भरले. आवाज एकच, चेहरा वेगळा. येथे संकेत पूर्णपणे जाणूनही बोलणारा पराभूत होतो. दूरध्वनीवर जे साधते ते समोरासमोर साधेलच, असे नाही. सत्तेचे संकेत ही किल्ली खरी. परंतु कुलूप पुष्कळदा आतूनही लावलेले असते.

डेल्पिटांना ह्याची जाणीव नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यार्थ्यांना संकेतांबरोबरच त्या संकेतांची स्वैरता आणि त्यांच्यामागील सत्तासंबंध हेही शिकवावे, असे त्या आग्रहाने सांगतात. परंतु ही चिकित्सा त्या मुलाच्या हाती देतात; सत्ताधाऱ्याच्या मुलाला, उद्याच्या घरमालकाला आणि परीक्षकाला, काय शिकवावे ह्याविषयी त्यांचे विवेचन त्रोटक राहते. ‘दुसऱ्यांच्या मुलां’चा विचार करताना ‘आपल्या मुलां’चा हा अभ्यासक्रम निसटून गेला आहे.

६

तेव्हा डेल्पिटांच्या विचाराचे मूल्य कसे ठरवावे? त्यांच्यावरील मूलगामी आक्षेप तत्त्वतः बलवत्तर आहे. परंतु त्याला काळाचे भान नाही. ऐकणाऱ्या समाजाचे कान पालटण्यास पिढ्या लागतील. मूल शाळेत असते ते थोडी वर्षे. समाज सुधारेपर्यंत प्रमाण लेखन शिकविणे थांबविले, तर त्या तत्त्वनिष्ठेची किंमत शिक्षकाला नव्हे, मुलाला भरावी लागते. आणि हे सांगणारा अध्यापक स्वतः निर्दोष प्रमाणभाषेत सांगत असतो. कृष्णवर्णीय शिक्षिकांनी सभांत मौन का पत्करले, ह्याचे उत्तर ह्या विसंगतीत आहे. उलटपक्षी, संकेत शिकवून शाळा आपले कर्तव्य संपले असे मानील, तर ती मुलाला खोटे आश्वासन देईल. अ‍ॅन आर्बरच्या निर्णयाने दाखविलेला मार्ग ह्या दोहोंच्या मधून जातो. त्यात शिकण्याचे पहिले ओझे शिक्षकावर आहे. मुलाने शाळेची भाषा शिकावी. परंतु तत्पूर्वी शाळेने मुलाची भाषा ओळखावी. डेल्पिटांच्या पाच विधानांना हे सहावे जोडले तर त्यांचा विचार पूर्णतेकडे जातो.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात, प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, कारण ते त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, अशी मागणी केली. डेल्पिटांच्या पाचव्या विधानाचे मर्म त्या मागणीत आहे. वंश आणि जात ह्या एक नव्हेत, आणि अमेरिकेतील उत्तरे येथे जशीच्या तशी लागू करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ ह्या दोन शब्दांनी मुलांच्या वाक्यांवर निवाडा करणारी परिभाषा मराठी शाळेतही रुळलेली आहे, आणि हे शब्द मुळात भाषाशास्त्राचे नाहीत. वहीच्या समासात ते लिहिण्यापूर्वी मुलाच्या वाक्यातला नियम शोधण्याचे कष्ट घ्यावेत, इतका बोध तरी डेल्पिटांच्या ग्रंथातून मराठी शिक्षकाने घेण्यास हरकत नाही.